करंगळीला लागलेला बॉल

बॉल तिच्या करंगळीला लागला होता. लागला म्हणजे तरी काय, चाटून गेला. समोरच्या पोरीने मारलेला स्मॅश किशोरीच्या वर केलेल्या हातांवरून सुटला, उजव्या करंगळीच्या नखाला किंचित घासला आणि मागच्या रेषेबाहेर खुर्च्यांमध्ये जाऊन शिरला. पंचांना ते दिसलं नाही. रेषेवर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही दिसलं नाही, तो बिचारा त्याच क्षणी पायावरचा डास मारत होता. बॉल बाहेर म्हणून पंचांनी पॉइंट मालवणच्या कॉलेजला दिला. तिसरा सेट पंधरा-तेरा, मॅच खिशात. सलोनी नाचायला लागली, रोशेलने गुडघ्यांवर बसून क्रूस केला. आणि या सगळ्या गलक्यात किशोरी लोके, व्हॉलीबॉल टीमची लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी, नेटखाली उजवा हात सरळ वर करून उभी होती. आता हाताला लागून बाहेर गेलेला बॉल म्हणजे पॉइंट समोरच्यांचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण लागला हे ज्याचं त्यानेच ओरडून सांगायचं, असं कुठल्या नियमात लिहिलंय? पंचांना आधी वाटलं, पोरीचा खांदा दुखावला. ते शिडीवरून वाकले तेव्हा ती म्हणाली, "सर, मला लागला." पंचांनी पॉइंट फिरवला. चौदा-चौदा. पुढचे दोन पॉइंट कसे गेले ते टीममधल्या कुणालाच धड आठवत नाही. गेले एवढं खरं.

चतुर्थीनंतरची ती पहिलीच स्पर्धा, देवगडची, निमंत्रितांची. तशी फारशी महत्त्वाचीही नव्हती. चतुर्थीत आठवडाभर पोरी गावोगाव मोदक खाऊन आणि फुगड्या घालून आल्या होत्या, हरल्या असत्या तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण जिंकून हरल्या, आणि एकीच्या हाताने हरल्या. परत येताना ट्रॅक्स गाडीत दहा पोरी दाटीने बसल्या होत्या. टीमचे कोच विनीत सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. ते घाटावरचे, कोल्हापूरच्याही पलीकडचे. दर सोमवारी पहाटे फोंडाघाट उतरून यायचे आणि शनिवारी परत चढायचे. चिडले की घाटावरची माणसं आवाज चढवतात असा पोरींचा समज होता, तो त्यांनी त्या दिवशी खोटा ठरवला. आचऱ्याच्या पुलावर गाडी जरा हळू झाली तेव्हा मागे न बघता त्यांनी विचारलं, पंच कशाला असतो? मग तेच म्हणाले, बघायला असतो. तू खेळायला असतेस. त्याचं काम त्याला करू दे की. एवढंच. किशोरी खिडकीबाहेर बघत होती आणि अंगठ्याने करंगळीचं नख चाचपत होती. तिला वाईट वाटत नव्हतं, हीच तर पंचाईत. हरल्याचं वाटत होतं, हात वर केल्याचं नाही. आपण चूक केली असं सगळ्यांना वाटतंय आणि आपल्याला तशी आतून खूणच नाही, याची तिला पहिल्यांदा भीती वाटली.

रोशेल चार दिवस बोलली नाही. आणि दोघी राहायच्या एकाच खोलीत, मालवणात घरमालकीण आनंदीबाईंच्या माडीवर, दोन खाटांमध्ये हातभर अंतर! आरसा एक, बादली एक, आणि अबोला. रोशेल फर्नांडिस शिरोड्याची, टीमची मुख्य स्मॅशर, पाच फूट दहा इंच. तिचं हे तिसरं वर्ष, म्हणजे शेवटचं. झोनची फायनल जिंकेल त्याच टीममधून विद्यापीठाच्या कॅम्पला मुली उचलतात, हरलेल्यांना विचारतो कोण? आणि एकदा विद्यापीठाकडून खेळली की खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसांत भरती, हे तिने नववीत असताना ठरवलेलं. तिचे पपा, जेरी, तिच्यासाठी दारातल्या माडाला दोरी बांधून बॉल टांगून ठेवायचे आणि ती उड्या मारमारून त्याला बडवायची. तो माड एका बाजूने गुळगुळीत झाला होता म्हणे. पाचव्या दिवशी सकाळी केस विंचरता विंचरता आरशातूनच ती म्हणाली, "तुजो देव तुका बघता गो. माका कोण बघतलो?" भांडणाचा आवाज नव्हता तो. किशोरीने बादली उचलली आणि पाण्याला गेली, आणि नळाखाली बादली भरून वाहायला लागली तरी तिथेच उभी राहिली.

देव आणला तो रोशेलने उगाच नव्हे. मिठबावला किशोरीच्या वाडीत नेट बांधलं जायचं ते देवळासमोरच्या पटांगणात. हापूसच्या कलमांवरची फवारणी आटपून पुरुष माणसं संध्याकाळी तिथे अनवाणी खेळायची. पंच नव्हता. कधीच नव्हता. ज्याच्या हाताला लागला त्याने हात वर करायचा, बस्स. हयसर आंगण देवाचा, खोटा बोलूक जमाचा नाय, असं म्हातारे सांगायचे. एकदा दत्तप्रसाद नावाचा एक जण खोटं बोलला. त्याला साप चावला नाही की त्याची होडी उलटली नाही, देवाने त्याचं काही म्हणता काही केलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी बॉल देईना. तो यायचा, उभा राहायचा, गडी सहाचे सहा असायचे आणि खेळ पाचांचाच चालायचा. महिन्याभरात तो यायचा बंद झाला. किशोरी तेव्हा दहा वर्षांची, काजूच्या झुडपांत गेलेले बॉल शोधून आणायच्या कामावर. एका संध्याकाळी एक माणूस कमी पडला आणि तिच्या बाबांनी, परशुरामने, आज चेडवाक घेवया म्हणत लेकीला उभं केलं. तिला काही जमलं नाही. बॉल आला, ती घाबरून बाजूला झाली, आणि तो तिच्या कोपराला ओझरता लागून बाहेर गेला. कुणी बघितलं नव्हतं. तिने हात वर केला. सगळे पुरुष हसले, पण कसे, घरात पाहुणा आल्यावर हसतात तसे. आणि कुणीतरी म्हणालं, परश्याचा चेडू खरा आसा. दुसऱ्या दिवशी तिला न मागता खेळायला घेतलं. लिफ्ट, रिसीव्ह, सर्व्हिस हे सगळं नंतर आलं हो. ती खेळाडू झाली ती हात वर करून. हे विनीत सरांना कसं सांगायचं? आणि सांगून ते म्हणणार काय, तर पंच कशाला असतो.

सरांनी उपाय काढला. ते प्रयोगशाळेतून आणलेल्या स्टुलावर नेटच्या पलीकडे उभे राहायचे आणि किशोरीच्या बोटांना लागेल न लागेल असे बॉल एकामागून एक मारायचे. तिने फक्त हात खाली ठेवायचा. हात वर गेला की बाकीच्या पोरींनी दहा बेडूकउड्या मारायच्या. तिने नाही, बाकीच्यांनी. पहिल्या दिवशी हात अकरा वेळा गेला. स्वप्नाच्या गुडघ्याला आधीच सूज होती, ती एकशे दहा उड्या मारून ग्राउंडवर आडवी झाली आणि रडू लागली. किशोरी रडली नाही, तिला रडायचा हक्कच नव्हता. दुसऱ्या दिवशी हात सहा वेळा गेला. तिसऱ्या दिवशी तिने डाव्या हाताने उजव्याचं मनगट पकडून ठेवलं. सर म्हणायचे, "लागला तरी तुला लागला नाही. कळलं?" आणि ती मान हलवायची. पण कळत होतं तेच तर वाईट होतं! बोटाला लागलं की ते आत कुठेतरी जायचं आणि तिथून हात सुटायचा, तिला विचारायचासुद्धा नाही. मग तिने बोटांना पांढरी चिकटपट्टी बांधायला सुरुवात केली. लिफ्टर बांधतातच, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. एक वेढा, मग दोन, मग तीन. तीन वेढ्यांखाली बॉल चाटून गेलेला पोचत नव्हता. पहिल्यांदा नाही पोचला तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की तिने सरांना आणखी मारा म्हणून सांगितलं. त्या दिवशी कुणीच बेडूकउड्या मारल्या नाहीत. खोलीवर जाताना रोशेलने तिच्या गळ्यात हात टाकला आणि दोघींनी बंदरावर जाऊन भेळ खाल्ली.

त्यानंतर टीम जिंकत सुटली. काय सांगायचं, कणकवलीला दोन सेटमध्ये, वेंगुर्ल्याला दोन सेटमध्ये, सावंतवाडीला एक सेट देऊन. पट्टी बांधलेल्या बोटांनी किशोरीची लिफ्ट बिघडायला हवी होती, पण ती उलट सुधारली. बॉल रोशेलच्या हातावर देवाला फूल ठेवावं तसा जाऊन बसायचा. हात शहाणे होत गेले आणि ती स्वतः कामातून जायला लागली. प्रथम कुलूप. खोलीला कुलूप लावून ती जिना उतरायची आणि अर्ध्या वाटेत तिला वाटायचं, लावलं का? हाताला काहीच आठवायचं नाही. परत वर. लावलेलं असायचं. पुन्हा खाली, पुन्हा वर. आनंदीबाई खालून म्हणायच्या, गो बाये, पायरेची फरशी झिजवतलंस. मग चहा. टपरीवरचा ग्लास तिने ओठाला लावला आणि जीभ पोळली. ग्लास एवढा तापलाय हे बोटांनी सांगायचं ना? त्या वेळी बोटांवर पट्टी नव्हती. मग ती एसटी. कुडाळच्या गाडीत उभ्याने जाताना मागच्या माणसाचा हात तिच्या कमरेला लागत होता. की लागत नव्हता? गाडीच्या धक्क्याने बॅग लागत असेल. एरवी कुठल्याही मुलीला हे एका क्षणात कळतं, शिकवावं लागत नाही. किशोरी दांडा धरून उभी राहिली आणि विचार करत राहिली, लागतोय की नाही, आणि मणक्यावरून घाम उतरत राहिला. शेवटी पुढच्या सीटवरून स्वप्नाने बघितलं आणि त्या माणसाला अशा शिव्या घातल्या की कंडक्टरने गाडी थांबवली. तू गप कित्याक रवलंस, असं स्वप्ना तिला नंतर चारदा विचारत होती. किशोरी म्हणाली, घाबरले. ते खोटं होतं, आणि इतकं सहज बोलून गेली की ते दुसरंच कुणीतरी बोलल्यासारखं तिला वाटलं.

दिवाळीला ती घरी गेली तेव्हा देवगडची गोष्ट तिच्याआधीच घरी पोचलेली होती. मिठबाव ते देवगड अंतर ते किती! बाबांनी ती साऱ्या वाडीला सांगितली होती आणि आता नव्याने फुलवून सांगत होते. त्यांच्या गोष्टीत पंच शिडीवरून खाली उतरून तिच्या पाया पडायचाच बाकी होता. आई, लक्ष्मी, तिने सोलकढीची वाटी पुढे करून विचारलं, हरल्यावर पोरी काय म्हणाल्या गो? आयांना बरोबर तेच सुचतं. किशोरी म्हणाली, काही नाही. संध्याकाळी बाबा तिला पटांगणात घेऊन गेले. पुरुष खेळत होते. एक बॉल कुणाच्या तरी बोटावरून बाहेर गेला की नाही यावर वाद झाला, त्या अंगणात वाद क्वचितच व्हायचा, आणि कुणीतरी म्हणालं, किशोरीक इचारा, तेका दिसला असतला. सगळे तिच्याकडे वळले. बाबांची मान ताठ झाली. तिने बघितलेलं होतं. लागला होता. आणि तोंड उघडताना तिला वाटलं, खरंच का? दिसला की आपल्याला वाटला? डोकं दुखतंय म्हणून ती उठली आणि घरी आली, आणि मागे बाबा चारचौघांना अभ्यासाचं काहीतरी सांगत होते ते ऐकू येत राहिलं. रात्रभर तिने एकच हिशेब केला. फायनलला असा बॉल आलाच तर काय? वर केला तर रोशेल गेली. नाही केला तर बाबा गेले. त्यांना कधी कळणार नाही, पण गेलेच. उजाडता उजाडता तिने ठरवलं: खाली ठेवायचा. लागला हे आपल्याला माहीत असेल, आणि ते जन्मभर बाळगायचं. रोशेलसाठी एवढं करता येईल. सुई टोचून घ्यायला दंड पुढे करतात तशी तिने मनाची तयारी केली, आणि तयारी झाल्यावर तिला झोपही लागली.

डिसेंबरात कुडाळला झोनची फायनल झाली. समोर रत्नागिरीकडचं कॉलेज. कठड्यापाशी खुर्च्या टाकून विद्यापीठाची दोन माणसं बसली होती, एकाच्या मांडीवर वही. रोशेलचे पपा शिरोड्याहून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि बॉल कुठेही असला तरी ते फक्त लेकीकडेच बघत होते. पहिला सेट यांनी घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात पंधरा-पंधरा, सोळा-पंधरा. एक पॉइंट हवा होता. किशोरी पुढच्या फळीत, नेटला, हातांची दहाही बोटं पट्टीत. समोरच्या पोरीने उडी घेतली, हिनेही घेतली. बॉल आला आणि हातांवरून मागे गेला आणि रेषेबाहेर पडला. शिटी. आणि समोरच्या सहाही जणी एकदम ओरडल्या, टच, सर, टच! पंचांनी हात अर्धा उचलला होता तो तसाच थांबला. त्यांना खात्री नव्हती, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मग त्यांनी किशोरीकडे बघितलं. झोनमध्ये ही गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक होती, मालवणची लिफ्टर, लागला की हात वर करणारी. पंचांनी तिच्याकडे बघितलं, झेंडेवाल्याने बघितलं, विद्यापीठाच्या माणसाने वहीतून मान वर करून बघितलं. तिचा हात खाली होता. झालं, पंचांची शंका फिटली. त्यांनी पॉइंट मालवणला दिला आणि शिडी उतरायला लागले.

किशोरी तिथेच उभी होती. अंगावर कोणी पडत होतं, कोणी तिला उचलत होतं, आणि ती त्या टोचण्याची वाट बघत होती. इतके दिवस जिची तयारी केली ती लाज आता येईल. ती मनातून त्या बॉलकडे परत गेली: उडी, हात, बॉल अंगठ्यावरून, की करंगळीवरून, की मधून? तिने पुन्हा बघितलं. काहीच नव्हतं. लागला नाही असंही नव्हतं. त्या जागी काहीच नव्हतं. खोटेपणा करायचा ठरवून ती आली होती आणि खोटेपणा करायला तिच्याजवळ खरं उरलंच नव्हतं, हे तिला कळलं तेव्हा तिने नेटचा खांब धरला. जाळीच्या पलीकडून एक पोरगी आली. त्यांची लिफ्टर असावी, लहानखुरी, पहिल्या वर्षाची, डोळे लाल. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, निकाल काही बदलणार नाही. फक्त मला सांग. लागला होता ना?"

"मला माहीत नाही," किशोरी म्हणाली.

त्या पोरीने तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, शिसारी आल्यासारखं. आणि ती आपल्या पोरींकडे निघून गेली. किशोरीला तिला हाक मारायची होती. अगो थांब, एवढं एकच मी आज खरं बोलले, असं सांगायचं होतं. कुणाला पटलं असतं?

अर्ध्या तासाने विद्यापीठाच्या माणसाने तीन नावं वाचली. पहिलं रोशेलचं होतं. जेरींना आधी ऐकूच आलं नाही, मग ऐकू आलं आणि ते खुर्चीत बसून रुमालात तोंड घालून रडले. विनीत सरांनी किशोरीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, शिकलीस. पोरी नळावर तोंडं धुवायला गेल्या. किशोरी पायरीवर बसून पट्ट्या सोडत होती, बोटं पांढरी फटक पडली होती आणि सुरकुतली होती. रोशेल येऊन शेजारी बसली. तिचं हसू मावत नव्हतं, आणि तरी तिने आजूबाजूला बघून, कानाशी येऊन विचारलंच. "खरा सांग गो. लागललो काय?"

रोशेलचा चेहरा इतका जवळ होता. किशोरीला दिसलं की ती विचारतेय त्यात भीती आहे, आणि 'म्हायत नाय' एवढं ऐकलं तर ती हा दिवस उद्यापासून रोज उलटून पालटून बघणार आहे.

"नाय," किशोरी म्हणाली.

रोशेलने एकदम मोठा श्वास सोडला. "माका म्हायतच होता," ती म्हणाली. "लागलो असतो तर तू हात वर केलोच असतंस." आणि तिने किशोरीचा उघडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. घट्टच दाबला असणार, कारण रोशेलच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.